जास्वंदीची पाकळी

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शाळा लवकर सुटली. शब्द साधे आहेत, आणि गोष्ट कोंबड्यांच्या राज्याची आहे, त्यांना जड शब्द लागतही नाहीत.

त्या राज्यात दिवसा जो तो आपल्या कामाला असे आणि संध्याकाळी तळ्याकाठी येई. काठावर बसायचं आणि पाण्यात बघायचं. अंग कोरडंच राही. मनात आणलं की पाण्यातली प्रतिबिंबं पळत, झुंजत. जिंकेल त्याचं प्रतिबिंब मधल्या दगडावर बसे आणि सगळ्या तळ्याला दिसे.

कोंबडे दगडासाठीच येत. एखादी कोंबडी आलीच तर काठावरून हाका सुरू होत, "अगं, अंडी कोण उबवतंय?" नाहीतर, "सरक, मी शिकवतो!" मग ती परत येत नसे. एकही कोंबडी का येत नाही, यावर एकाही कोंबडीला न बोलावता सभा भरली. बराच वेळ आरवून ठरलं, की कोंबडीच्या जातीला झुंज आवडत नाही.

सभेत सर्वांत जोरात मान डोलावली ती भुंड्याने. या भुंड्याबद्दल मला जरा जास्तच माहिती आहे. शेपूट आखूड, तुरा मसुराएवढा. म्हणून पहाटेच्या अंधारात, कोणी बघायच्या आत, तो जास्वंदीची पाकळी ओरबाडे आणि संध्याकाळी चिखलाने डोक्यावर चिकटवून तळ्यावर जाई. पाण्यात ती छान दिसे.

पाण्यात त्याचा एकच जोडीदार होता, झुंजारराव. पलीकडच्या लव्हाळ्यात बसणारा, कमी बोलणारा, भुंड्याला दर वेळी वाचवणारा, आणि दगड जवळ आला की निघून जाणारा. एका संध्याकाळी दगड अगदी हाताशी आला आणि झुंजारराव मध्येच थांबला. भुंड्या त्याला आणायला लव्हाळ्यात शिरला.

तिथे शेजारच्या डालग्यातली कोंबडी, कवडी, बसली होती. डोक्यावर लाल पाकळी.

"झुंजारराव कुठायत?"

"त्यांच्या पायावर उभा आहेस."

भुंड्याने पाय उचलला. "पण कोंबडीच्या जातीला झुंज आवडत नाही. ठरलंय तसं."

"मला विचारून ठरलं?"

"मग दगडावर का बसत नाहीस?"

"बसतेच की दिवसभर, अंड्यांवर. इथे मला पळायचं असतं. आणि कुठे निघालीस, असं कोणी विचारायला नको असतं." तिने लव्हाळ्यातून पलीकडे पाहिलं. "आता सांगशील सगळ्यांना. मग माझं इथलं येणं संपलं."

तेवढ्यात पलीकडून कोंबडे ओरडले, "ए भुंड्या! सापडला का? कोण आहे रे तो?"

हा शोध लावणारा कोंबडा म्हणून आज दगड न जिंकताही नाव झालं असतं. भुंड्याच्या घशात आरव आलाही. तेव्हा कवडी हळूच म्हणाली, "तुझा तुरा लोंबतोय." आणि चोचीने थोडा चिखल घेऊन तिने तो नीट बसवला.

"भेटला!" भुंड्या ओरडला. "मोठा दांडगा गडी आहे. पण लाजाळू आहे, घरी निघालाय!"

कवडी अंड्यांकडे गेली. भुंड्या एकटा खेळला आणि पहिल्याच झटापटीत उलटा पडला. सगळं तळं हसलं. तुराही पडला, तो मात्र कोणाच्या ध्यानात आला नाही, कारण जो तो आपलाच तुरा सावरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुंड्या जास्वंदीपाशी उशिरा पोचला. ऊन आलं होतं. त्याने ते झाड पहिल्यांदाच नीट पाहिलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फुलं लगडली होती, आणि एकूण एक फुलाची एकेक पाकळी गेलेली होती. एवढ्या पाकळ्या त्याने एकट्याने नेल्या नव्हत्या. मग तो पाकळी न घेताच कुंपणावर चढला आणि मसुराएवढ्या तुऱ्यानिशी आरवला. आवाज मध्येच चिरकला.