लहान काम आधी

“हा रोलर कालही इथंच होता का?”

केतकीनं हात लावला, तर तळव्याला गंज लागला.

“काल इथंच, परवाही इथंच,” यशवंत मिस्त्री म्हणाले. “मॅडम, तिकडं तोडलेला ऊस वाळायला लागलाय. चढवू का लेथवर?”

“नाही. फळ्यावर बघा. लहान काम आधी.”

फळा तिनंच लावला होता. वर्कशॉपमध्ये येईल ते काम, त्याला लागणारा वेळ, त्याप्रमाणे नंबर. कमी वेळाचं काम पुढं. गिऱ्हाईकं खूश, मालक खूश. फक्त गुऱ्हाळाच्या चरकाचा हा रोलर... सगळ्यात वेळखाऊ काम. रोज काहीतरी लहान यायचं आणि हा आणखी मागं सरकायचा.

गुऱ्हाळवाल्या आनंदीबाई चौगुले सकाळी येऊन दाराजवळच्या बाकावर बसायच्या. संध्याकाळी पदर सावरत उठून जायच्या.

दुपारी केतकी जेवून परतली. लेथ फिरत होता, आणि लेथवर रोलर.

“बंद करा! कुणाला विचारून चढवला?”

“कुणाला विचारायचं? फळ्याला?” मिस्त्री भडकले. “त्या बाईंच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून चढवला.”

तिनं रोलर उतरवायला लावला. तेवढ्यात कुणाच्या तरी हातून पाना पडला आणि ती केवढी दचकली. मागं कुणी फिसकन हसलं.

मग मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक हेरवाडकर सरांच्या घरी गेली.

कॉलेजात तिला हा नियम शिकवला तो सरांनी. निवृत्त झाले तरी गावातले कारखानदार अजून अडचणी घेऊन त्यांच्याच व्हरांड्यात यायचे.

“सर, मिस्त्रींनी माझी रांग मोडली! तुमचा नियम मोडला!” ती दारातूनच म्हणाली. “कुणासाठी, तर एका गुऱ्हाळवाल्या बाईंच्या रोलरसाठी!”

“बाई काय म्हणतात?”

“त्या काहीच म्हणत नाहीत. नुसत्या बसून असतात.”

“हं... तुझं सांगणं थोडक्यात आहे की लांबण आहे?”

“लांबण आहे, सर. पहिल्यापासून सांगावं लागेल.”

“मग बस.”

ती बसली. एकजण पट्ट्याचं माप विचारायला आला. सरांनी त्याला आत घेतलं. मग एक बाई पुस्तक परत द्यायला आल्या. मग स्कूटरवरून कुणीतरी.

“अहो, मी आधी आलेय!”

“माझं एकच विचारायचंय, ताई,” असं म्हणत तो आत गेलासुद्धा.

केतकी पुन्हा टेकली. दार वाजलं की दचकून उठायची, आपल्याला बोलावलं नाही हे कळलं की ओशाळून बसायची. आता वर्कशॉपवर मालक आले असतील. मिस्त्रींनी आधी आपली बाजू सांगितली असेल. उद्यापासून फळ्याकडं कोण बघणार?

ऊन व्हरांड्यातून उतरून अंगणात गेलं. शेजारचे आजोबा शिडी मागायला आले. सर त्यांच्याबरोबर हसत हसत मागच्या दारानं शिडी काढायला गेले.

शिडी!

“सर!”

तिनं दारातून आत डोकावलं.

“सर... मी कधीची आलेय!”

शिडी भिंतीला घासल्याचा आवाज आला. बस्स.

भीती, भीड, सगळं एकदम गळून पडलं. केतकी उभी राहिली आणि शेजारच्या घराच्या खिडक्या उघडतील एवढ्या मोठ्यानं ओरडली, “सर! मी काय इथं पडून राहायला आलेय? माझं कुणी ऐकणार आहे की नाही?”

चपला वाजल्या. सर दारात आले. हाताची धूळ पुसत त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

“ऐकतोय, केतकी... त्या गुऱ्हाळवाल्या बाईसुद्धा एवढ्याच मोठ्यानं गप्प बसल्या होत्या.”