सुंदरा गवळणीची पेज

श्री केवळनाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा आंबेखोल गावी, ओढ्याकाठच्या देवळात होता. अंगावर एक छाटी, हातात कटोरा आणि मुखी अखंड नाम! त्यांच्या गुरूंच्या पुण्यतिथीला गावाने पंगत घालायचे ठरवले, तेव्हा मठ्ठ्याचे ताक देण्याचा मान सुंदरा गवळणीने मागून घेतला. बाई विधवा. दोन म्हशी आणि मैना नावाची एक लेक, एवढाच तिचा संसार. आदल्या संध्याकाळीच ती ताकाची मडकी घेऊन देवळात हजर झाली.

पण तिथे विसाजी खोत उभे! गावातले मोठे प्रस्थ. मडकी बघून त्यांनी नाक मुरडले.

"ही काळी मडकी पंगतीत? लोक तोंडावर हसतील आमच्या! माझ्या घरचे पितळी पातेले आणा."

ताक पातेल्यात ओतले गेले आणि रात्रभर तिथेच राहिले. आतली कल्हई केव्हाच उडाली होती, पण अहो, बाहेरून पातेले लखलखत होते ना, मग आत बघतो कोण? महाराज त्या दिवशी उपास करून गाभाऱ्यात ध्यानाला बसलेले. त्यांच्या कानी यातले काहीच गेले नाही.

पंगत उठली आणि दिवस मावळायच्या आत घरोघरी पोटे बिघडली. खोतांनी तिथल्या तिथे निवाडा केला, "गवळणीचे ताक बाधले. तिला विहिरीला शिवू देऊ नका!"

गाव हळूहळू सावरले. मैनाचे जुलाब मात्र थांबेनात. पोरीला धरून बाहेर न्यावे, आणून निजवावे, की लगेच ती पुन्हा पोट धरून उठायची. शेजारणी लांबूनच सांगत, "पाणी देऊ नकोस गं, पाणी दिले की आणखी लागते!" सुंदराने काळजावर दगड ठेवून पाणी तोडले. मैनाचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली. ती रडायला लागली आणि डोळ्यांतून टिपूससुद्धा येईना, तेव्हा मात्र सुंदरा तिच्या उशापासून हलेना. ती पुन्हा पुन्हा लेकीच्या नाकाशी बोट धरून बघे.

भर दुपारी दारात हाक आली, "माई, भिक्षा!"

महाराज! सुंदराने त्यांचे पाय धरले. "महाराज, माझी पोर चालली हो! माझ्याच ताकाने गेली तर मी जगू कशी?"

महाराज मैनाच्या उशाशी बसले. "आधी तिला पाणी दे. अंगातले पाणी चालले आहे आणि तू वरून घालतही नाहीस? मूठभर तांदळाची पातळ पेज कर, चिमूटभर मीठ घाल, गुळाचा खडा घाल. घोट घोट पाज. ओकली तर जरा थांब आणि पुन्हा पाज. कंटाळू नकोस."

कळशीच्या तळाशी होते तेवढे पाणी घेऊन सुंदराने पेज रटरट शिजवली. निवल्यावर एकेक घोट पाजू लागली. घोट आत राहतो की उलटतो, हे बघत थांबे आणि मगच पुढचा देई.

इतक्यात महाराजांना शोधत एक डोली दाराशी आली. डोलीत कोण? विसाजी खोत! उरलेला मठ्ठा त्यांनी पातेल्यासकट घरी नेला होता आणि दुसऱ्या दिवशीही भुरकला होता. आता पुरते गळून गेले होते. घरच्यांनी त्यांचेही पाणी तोडलेले.

"महाराज, अंगारा द्या," खोत कसेबसे बोलले.

"माझ्याजवळ काही नाही," महाराज म्हणाले. "पेज या बाईजवळ आहे. तिला माग."

सुंदराने तपेल्यात पाहिले. चार घोट उरले असतील. कळशी पालथी, विहीर बंद, आणि पोरीला टाकून ओढ्यावर जायचे कसे? यांना दिली तर मैनाला काय? आणि पेज पोटात जाऊन खोतांचे काही बरेवाईट झाले, तर गाव म्हणेल, गवळणीने मारले! तिने महाराजांकडे पाहिले. महाराजांनी डोळे मिटून घेतले.

"बाई..." खोतांनी हात जोडले. "घोटभर दे गं."

सुंदराचे डोळे भरून आले. तिने एक घोट मैनाला दिला, एक खोतांना. पुन्हा मैनाला, पुन्हा खोतांना. आणि काय सांगावे मंडळी! वाटी बुडवावी आणि पेज तेवढीच! ऊन उतरले, हात दुखून आला, तरी तपेले रिते होईना. सुंदरा देवाचे नाव घ्यायलाही विसरली, नुसती पाजत राहिली.

सांजेला मैनाचे जुलाब थांबले. खोतांनाही हुशारी आली.

"विसाजी," महाराज म्हणाले, "तुझे पातेले उजेडात आणून आत बघ."

गड्याने पातेले आणून कलते केले. आतून हिरवेगार! पितळेने कळकलेल्या ताकाचा थर अजून काठाला चिकटलेला. खोतांचे तोंड उतरले. ते महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

खोत समजले. भिंतीला धरत उठले आणि डोलीमागून अंगणात जमलेल्या लोकांसमोर म्हणाले, "ताक चोख होते. गावाला माझ्या पातेल्याने बाधले, आणि बोल मी हिला लावला." मग त्यांनी सुंदरापुढे डोके टेकले.

सुंदरा संकोचून मागे सरली. आतून मैनाची हाक आली, "आई, भाकरी दे ना, भूक लागली!" तशी ती खोतांना तिथेच सोडून आत धावली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळेपणाने रडली.