खांड कुणाची

माझं कोणीच खरं मानलं नाही. उधाणाच्या रात्री माझा नवरा हसुराम उघाडी लावायला गेला होता, हे मी घरोघर जाऊन सांगितलं. लोक म्हणाले, त्यानेच ती उघडी टाकली आणि पळाला.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. भरतीला लावायचं, ओहोटीला काढायचं. त्या रात्री दार गेलं आणि बांधाला खांड पडली, मोठं भगदाड. शेतात समुद्र शिरला, तो अजून बाहेर गेलेला नाही. हसुरामही आलेला नाही.

"...मग दोषी कोण, बुवा?"

हे ऋजुता विचारत होती. पुण्याच्या कॉलेजातली. मुख्य विषय अर्थशास्त्र, त्याला जोडून हवामान बदल. अशा जोडविषयाला मायनर म्हणतात म्हणे. माझ्याकडे उतरली होती, कारण माझ्याकडे दुसरं कोणी येत नाही. पोरगी हुशार. आणि ते तिला चांगलं माहीत होतं.

ज्यांना विचारत होती ते जोमाबुवा. गावातले सगळ्यात जुने. अर्धं गाव त्यांच्याकडे भजन शिकलं. बांधाच्या कामात शेवटचा शब्द त्यांचा. आठवडाभर ती त्यांच्यामागे वही घेऊन फिरत होती, पण शिकायला कमी आणि सांगायला जास्त.

आम्ही तिघं खांडीच्या कडेला उभे. दिवस मावळत होता, भरती चढत होती. आतल्या बाजूला बुडालेली शेतं. झाडं उभ्या उभ्या मेलेली, मिठाने पांढरी. माझ्या जुन्या घराच्या दाराची चौकट तेवढी पाण्यातून वर दिसत होती. तिला कालवं चिकटलेली.

"किती विषय शिकलीस गो यासाठी?" बुवांनी विचारलं.

"भूगोल, कायदा, अर्थशास्त्र, थोडं रसायन. एका विषयात हे मावत नाही, बुवा. सगळीकडून बघावं लागतं."

"सगळीकडून बघून काय दिसलं?"

"समुद्र वर येतोय. खारफुटी तोडली. कोळंबीच्या तळ्यांना परवानग्या दिल्या. जगभरातून धूर सुटतोय तो वेगळाच. एक माणूस दोषी नाही. सगळी व्यवस्था दोषी आहे."

"आणि हसुराम कुठल्या विषयात येतो?"

तिने वहीचं पान उलटलं.

"त्याला कुठेच घेऊ नको," मी म्हटलं. "गावाने घेतलाय तेवढा पुरे."

"मावशी, मी त्यांना निर्दोषच म्हणतेय."

"तू सगळ्यांनाच निर्दोष म्हणतेस. तुझी व्यवस्था काय माझ्या दारात येऊन बसणार? दुसऱ्या कुणाचं नाव लागल्याशिवाय माझ्या माणसाचं पुसलं जायचं नाही."

बुवा पाण्याकडे बघत होते.

"जोळ ठाऊक आहे?"

"वाचलंय. घरटी एक माणूस बांधाच्या मातीकामाला येतो."

"खांड पडली की पहिला चिखल टाकण्याआधी नावं पुकारतात. तेही वाचलंस?"

"नाही."

"पाण्याकडे तोंड करून एकेका घराचं नाव पुकारायचं. माणूस बांधावरून ओ देतो. ज्याची ओ पाण्यातून येते, खांड त्याची."

ऋजुताने लिहायचं थांबवलं. "कधी आलीय पाण्यातून?"

"माझ्या जन्मात एकदा."

"खोटं," मी म्हटलं. "हसुरामचं नाव घेतलं तेव्हा कुठूनच ओ आली नाही. बुडालेला माणूस ओ कशी देणार? बांधावरून नाही आली, म्हणजे पाण्यातून आली, असं धरलं यांनी. सगळ्या गावाने माना हलवल्या."

बुवांनी खांडीकडे बोट केलं.

"तू पुकार," ते ऋजुताला म्हणाले. "तुझ्याकडे आहेत ती नावं घे."

ती हसली. बुवा हसले नाहीत, तेव्हा तिने पाण्याकडे तोंड केलं.

"धूर सोडणारे देश..."

पलीकडच्या डोंगरावरून हाक परत येते, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. त्या संध्याकाळी आली नाही. आवाज पाण्यावरून गेला आणि तिकडेच राहिला.

"तळ्यांना परवानगी देणारं खातं..."

काही नाही. वारा पडलेला. पाणी मात्र बांधाला चढत होतं, चाहूल न देता.

"असं नव्हे गो. आईबापाने ठेवलेलं नाव घे."

"तसं नाव माझ्याकडे नाही."

"एक आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर हात ठेवावा असं मला वाटलं. तिकडून खरंच ओ आली तर... मग मी कुठे जाऊ? पण किती दिवस भ्यायचं.

"पुकार," मी म्हटलं. "होऊन जाऊ दे एकदाचं."

"हसुराम..."

माझ्या चौकटीपाशी पाणी डचमळलं. चौकटीच्या आत, जिथे माझी चूल होती, तिथे काहीतरी वळलं आणि खाली गेलं. ऋजुताने माझं मनगट पकडलं होतं, तिचा हात गार...

ओ आली नाही.

"काहीच नाही," ती हळू म्हणाली.

"तेव्हाही असंच काहीच नव्हतं," मी म्हटलं.

ती बुवांकडे वळली. आता तिच्या आवाजात पुणं नव्हतं, कॉलेज नव्हतं.

"त्या दिवशी नावं कोणी पुकारली?"

"मी."

"जो गप्प राहिला त्याची ओ पाण्यातून आली, हे कोणी ठरवलं?"

"मी."

"त्याआधी जोळ कधी बोलावला होता? उघाडीचं दार कुजलंय का, ते कोणी पाहिलं होतं?"

जोळ बोलवायचं काम बुवांचंच. पोरं कंपनीत जायला लागली, कोण येणार म्हणून त्यांनी बोलवायचंच सोडलं होतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कोणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही, बुवांपुढे कोण तोंड उघडतो?

"तुमचं नाव पुकारलं होतं, बुवा?"

"पुकारणाऱ्याचं नाव कोण पुकारणार?"

त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. आतून ऊबदार होती. मग ते बांधाच्या उतारावरून खाली गेले. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला, कमरेला... माणूस पाण्यात शिरतो तेव्हा आवाज होतो. झाला नाही.

"बुवा, भरती आहे. वर या," ऋजुता म्हणाली.

छातीपर्यंत पाणी आलं तिथे ते उभे राहिले. पाठ आमच्याकडे.

"उद्या गावाला सांगशील? ओ कुठून आली ते?"

"कुणाची ओ?" ऋजुताने विचारलं.

"आधी पुकार."

मीच विचारलं, "तिने कुणाला पुकारायचं?"

"जोमा."