कानात गेलेलं नाव

“…आणि चुकीचं नाव एकदा कानात गेलं, तर ते परत काढता येतं का, माई?”

माई चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी एक चिंचोका बोटानं उडवला. तो टणटण करत पायऱ्या उतरून गेला.

माई म्हणजे गावाबाहेरच्या मठीतल्या म्हाताऱ्या बैरागीण. तोंडात दात एकही नाही, पण हसू तोंडभर. काही अडलं की गावातल्या बायका त्यांच्या पायरीवर येऊन बसत. आज भाग्यलता आली होती. मांडीवर आठ महिन्यांची लेक, आणि जीव सगळा टांगणीला.

गोष्ट अशी होती. तिचा थोरला भाऊ आयर्लंडला हॉटेलात आचारी. दोन वर्षांपूर्वी त्यानं बायकोही तिथलीच केली. आता त्यांना मुलगी झाली होती, आणि रविवारी तिघं पहिल्यांदाच गावी येणार होती. सोमवारी बारसं. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. म्हणजे भाग्यलताचा.

नाव होतं बाळाच्या आईच्या देशातलं. पत्रिकेवर ते नुसत्या पाच इंग्रजी अक्षरांत छापलेलं. क्लासच्या सरांनी चष्मा वर करून वाचलं, ‘आओइफे’. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, ‘आयफी’ असणार. भावानं मागे फोनवर विचारलं होतं, नाव घेता येईल ना तुला? तर हिनं त्याला सांगूही दिलं नव्हतं. “येतं की मला,” म्हणून मोकळी झाली होती.

“भावकीतल्या सात पोरांची नावं मी कानात सांगितलीत, माई. एकदा चुकले नाही. आता येत नाही म्हणायचं कसं?”

“मग म्हण की.”

“कुठलं म्हणू?”

माईंनी कान पुढं केला. “कानात सांग. बारशात सांगतात तसं.”

भाग्यलता वाकली. सरांचं सांगितलं, कंपाउंडरचं सांगितलं. माईंनी डोळे मिटून दोन्ही ऐकली…

“यातलं बरोबर कुठलं, माई?”

“मला काय ठाऊक. मी कुठं ऐकलंय ते नाव.”

भाग्यलताला हसावं की रडावं कळेना. एवढं ऊन तुडवत आली ती यासाठी?

“बरं,” माई म्हणाल्या, “पोरीच्या आईचं नाव काय?”

“वहिनी.”

“नाव विचारलं मी.”

भाग्यलतानं लेकीला उगीच या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

दोन वर्षं दर रविवारी त्या दोघी फोनवर बोलत होत्या. वहिनी जेवलात का, वहिनी थंडी आहे का, वहिनी पोट दुखत नाही ना. थोरल्या भावाची बायको, तिला कुणी नावानं हाक मारतं का? लग्नाच्या वेळी नाव कानावरून गेलं होतं, तेवढंच. पुढं कधी गरजच पडली नाही.

वहिनी मात्र हिला नावानंच हाक मारायची. नवऱ्याकडून मोडकंतोडकं मराठी शिकली होती. पण तेवढं नाव काही तिला जमायचं नाही. “बागलाटा,” म्हणायची. घरातले तोंडाला पदर लावून हसायचे. दुरुस्त केलं तर बिचारीला वाईट वाटेल, म्हणून भाग्यलता मुकाट ओ द्यायची.

“आईचं नाव ठाऊक नाही, आणि लेकीचं शिकायला निघालीस,” माई म्हणाल्या. “लाव फोन.”

“आता? दोन वर्षांनी विचारू, तुमचं नाव काय म्हणून? लाज वाटते, माई.”

“आज एकटीसमोर वाटेल. सोमवारी गावासमोर वाटेल. बघ, कुठली परवडते.”

तिनं व्हिडिओ फोन लावला. तिकडं सकाळ होती. वहिनी बाळाला खांद्यावर टाकून चहा पीत होती. भाग्यलतानं श्वास घेतला आणि एका दमात सांगून टाकलं. मला तुमच्या लेकीचं नाव घेता येत नाही. येतं म्हणाले ते खोटं होतं. आणि तुमचंही येत नाही.

पलीकडं कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“मला वाटलं,” वहिनी हळूच म्हणाली, “तुला मी नको.”

तिच्या देशात म्हणे माणूस जवळचं असलं की नावानंच हाक मारतात. दोन वर्षं ती वाट बघत होती. नणंदेच्या तोंडून नाव काही येत नव्हतं, आणि हे तिनं नवऱ्यालाही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आमच्यात वहिनी म्हणणं हा मान असतो, हे भाग्यलतानं कसंबसं समजावलं. वहिनीनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि सरळ बसली.

“शिवॉन,” ती म्हणाली. शि अगदी हलका, सगळा जोर वॉनवर.

“शीवन.”

पाठीत धपकन गुद्दा बसला. माईंचा. बारशात बायका आत्याच्या पाठीत घालतात, तसाच.

“शिव्वन.”

धपक.

“हो माई, सांगते की… शिवॉन.”

“ओ,” वहिनी म्हणाली.

नवऱ्यानं शिकवलेली ओ. भाग्यलता बघतच राहिली. दोघीही हसायला लागल्या, आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

मग वहिनीच्या लेकीचं नाव सोपं गेलं. ईफा. ई लांब, जोर तिथंच. फ मात्र आपला फळातला नाही. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि मधून वारा सोडायचा. वहिनीनं फोन तोंडाजवळ धरून दाखवलं. भाग्यलतानं केलं. मांडीवरच्या लेकीनं दोघींचं बघून लाळेचे फुगे काढले. माईंनीही करून पाहिलं. नुसतीच हवा गेली.

“मला कुणी आत्या करू नका,” त्या म्हणाल्या. “दात नाहीत.”

फोन ठेवायच्या आधी वहिनी म्हणाली, आता तुझं नाव नीट शिकव. भाग्यलतानं तळहात तोंडासमोर धरायला सांगितला. भ म्हटलं की वाफ हाताला लागली पाहिजे. चार वेळा ‘बागलाटा’च झालं, वाफ लागली नाही. पाचव्यांदा लागली.

“भाग्यलता,” वहिनी म्हणाली. स्वच्छ, गावातल्या बाईसारखं.

भाग्यलतानं आनंदानं ओ दिली. पण देताना उगीच थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

ऊन कललं तशी ती उठली. लेकीला कडेवर घेतलं, ईफा ईफा म्हणत दोन पायऱ्या उतरली आणि थबकली. जीवच तसला तिचा.

“माई, ते राहिलंच की. सोमवारी बायकांच्या गलक्यात चुकलंच माझं… तर चुकीचं नाव कानातून परत काढता येतं का?”

माई चिंच फोडत होत्या. मान वर केली नाही.

भाग्यलता पदर सारखा करून चालू लागली. फाटकापर्यंत पोचली असेल, तोच मागून हाक आली.

“बागलाटा…”

“ओ,” म्हणत ती वळलीसुद्धा.

माईंनी चिंचोका उडवला.

“काढून बघ.”