अकरावा फेटा

एकदा एक वृद्ध वस्ताद एका फुटबॉलवेड्या शहरात राहत होते. शहर दक्षिणेकडचे. तिथे तालमीत कुस्ती चाले, त्याच तालमीच्या नावाने फुटबॉलचा संघ निघे आणि सामन्याच्या दिवशी पेठेतल्या दुकानांच्या फळ्या दुपारीच लागत. वस्तादांनी आयुष्यभर शाळकरी मुलांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या, चेंडू कसा थोपवावा आणि राग कसा थोपवावा. पहिली शिकलेले पुष्कळ निघाले. दुसरी शिकलेले थोडेच निघाले, पण त्याची खंत वस्तादांनी कधी बोलून दाखवली नाही.

त्या राज्यात एक रिवाज होता. शालेय फुटबॉलचा हंगाम संपला की राज्यभरातल्या शाळांमधून अकरा मुलांना मानाचा तांबडा फेटा बांधला जाई. हा अकरा जणांचा संघ नव्हे, हे अकरा मान. ज्याला फेटा मिळे त्याचे नाव शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवले जाई आणि पुढे त्याला नातवंडे झाली तरी लोक त्याला ‘राज्याचा मानकरी’ म्हणूनच ओळखत. दहा नावे समितीची मंडळी बंद खोलीत ठरवत. त्यासाठी भांडणे होत, चहा होई, पुन्हा भांडणे होत. अकरावे नाव मात्र अंतिम सामना संपल्यावर भर मैदानात वस्तादांनी एकट्याने उच्चारायचे आणि फेटाही त्यांनीच बांधायचा. त्या नावाचे कारण त्यांना आजवर कोणी विचारले नव्हते.

वस्तादांचा एक शिष्य होता. आता तो एका मोठ्या शाळेत क्रीडाशिक्षक झाला होता. विद्यार्थिदशेत तोही उत्तम खेळे, पण मानाचा फेटा त्याला लाभला नाही, आणि ही सल त्याच्या मनातून गेली नव्हती. आपल्या शाळेच्या भिंतीवर निदान एक तरी नाव लागावे, हीच त्याची आता एकमेव इच्छा होती. ती पुरी होण्याची वेळही आली होती, कारण त्याच्या हाताखाली इंद्रजित नावाचा मुलगा तयार झाला होता. चेंडू इंद्रजितच्या पायाशी आला की पैजा लावणारेसुद्धा गप्प होऊन बघत राहत. त्याचे शाळेतले हे शेवटचे वर्ष होते. समितीच्या भांडणांत त्याचे नाव दहांतून गळाले होते. अकरावा फेटा मिळाला तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

अंतिम सामन्यात समोर आली ती धरणापलीकडच्या एका गावची शाळा. त्यांचा उपांत्य सामना बरोबरीत सुटला होता आणि नाणेफेकीच्या कृपेने ती मुले इथवर पोचली होती. त्यांचा गोलरक्षक दस्तगीर मुल्ला हा उंच, किडकिडीत मुलगा होता. त्याची जर्सी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली दिसत होती. त्याला बघूनच प्रेक्षकांत हशा पिकला. आपल्याकडे टाळ्या वाजवायला येणाऱ्यांना निकाल घरूनच ठाऊक असतो, तसा तो यांनाही होता.

सामना सुरू झाला आणि लगेच पहिला गोल झाला. त्यासरशी वस्ताद मांडवातल्या मानाच्या खुर्चीवरून उठले. धोतराचा सोगा हाती धरून ते मैदानाच्या कडेकडेने चालत गेले आणि दस्तगीरच्या गोलामागे, रणरणत्या उन्हात, थेट जमिनीवर बसले. शिष्य खुर्ची उचलून मागे धावला.

“वस्ताद, हे काय? पाहुणेमंडळी बघाय लागलीत. सावलीत चला की.”

“ऱ्हाऊ दे. हितनं चांगलं दिसतंय.”

शिष्याला मनातून आनंदच झाला. इंद्रजितचे गोल जवळून बघता यावेत म्हणूनच वस्ताद इथे आले, असे त्याने धरले. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तेव्हा वस्ताद उठून पुन्हा दस्तगीरच्याच गोलामागे जाऊन बसले. मग तर शिष्याला शंकाच उरली नाही. जिकडे इंद्रजित धावतो तिकडे वस्ताद जातात, याचा दुसरा अर्थ काय होणार?

सामना एकतर्फी झाला. गावच्या मुलांचे पाय दमले, मग मने दमली. सात गोल झाले, त्यांतले पाच एकट्या इंद्रजितचे. प्रेक्षक आता जिंकणाऱ्यांचे कौतुक सोडून हरणाऱ्यांची थट्टा करू लागले होते. “आरं, दार तरी लाव घराचं!” असे कोणीतरी दस्तगीरला ओरडले आणि सगळी बाजू हसली. अगदी शेवटी इंद्रजितने आणखी एक चेंडू मारला. चेंडू डाव्या कोपऱ्यात वर शिरणार इतक्यात दस्तगीरने अंग झोकून दिले, बोटांची टोके लागली आणि चेंडू खांबाबाहेर गेला. “शाब्बास! सात खाल्ले, एक टाकला!” पुन्हा हशा झाला आणि सामना संपल्याची शिटी वाजली.

आता जे घडले ते या शहरातच घडू शकते. मानाचा फेटा यजमान शाळेचा क्रीडाशिक्षक म्हणून शिष्याच्याच ताब्यात होता. पेठेतली पोरे हलगी घेऊन मैदानात घुसली आणि फेटा मागू लागली. नाव अजून पुकारलेले नव्हते. पण शिष्य म्हणाला, “घ्या, एवीतेवी त्याचाच हाय!” पोरांनी इंद्रजितला खांद्यावर घेतले, फेटा बांधला, गुलाल उधळला. त्या मुलखात एकदा बांधलेला फेटा दुसऱ्याने उतरवणे म्हणजे माणसाची मान उतरवण्यासारखे समजतात. त्यावरून पेठापेठांत डोकी फुटल्याची उदाहरणे आहेत. हे ठाऊक असूनही शिष्याने तो दिला, कारण हर्षापुढे माणसाला काही दिसत नाही.

वस्ताद अजून गोलामागेच उभे होते. त्यांनी तो गुलाल पाहिला. ते रागावले नाहीत. त्यांनी शिष्याला आणि इंद्रजितला हाताने जवळ बोलावले. हलगी थांबली. लोक जागच्या जागी उभे राहिले.

“इंद्रजित,” वस्ताद म्हणाले, “आज एवढं बॉल मारलास. सगळ्यात अवघड कंचा गेला?”

प्रश्न कुठे चालला आहे ते मुलाला कळले असावे. पेठेची पोरे “तिसरा सांग, तिसरा!” असे कुजबुजत होती. तिसरा गोल खरोखरच देखणा झाला होता. इंद्रजितने एकदा आपल्या सरांकडे पाहिले आणि मान खाली घातली.

“शेवटचा, वस्ताद. जो झाला न्हाई तो.”

“का?”

“आधीच्या सगळ्या वेळी मला कोपरा दिसला. शेवटच्या वेळी मान वर केली तर ह्यो असा हुबा, जसा खेळ आत्ताच सुरू झालाय. मला वाटलं, आपलंच कायतरी चुकलंय. मी जीव तोडून मारला. तरी बी त्यानं काढला.”

शिष्य पुढे सरकला. तो वस्तादांना हलक्या आवाजात म्हणाला, “वस्ताद, तुमच्या मनात काय हाय ते कळाय लागलंय. पण सात गोल खाल्लेल्या पोराला राज्याचा मान? लोक हसतील. आणि ह्या पोराचं शेवटचं वर्ष हाय. एक गोल अडवला एवढ्यावर...”

“त्यो अडला का न्हाई, ह्याच्याशी मला काय देणंघेणं न्हाई,” वस्ताद म्हणाले. “खाली बग.”

गोलासमोर गवत नव्हते, तांबडी माती होती. तिच्यात गोलाच्या मधोमध टाचेने ओढलेली एक रेघ होती. गोलरक्षकाला पाठीमागचे खांब दिसत नाहीत. म्हणून तो अशी रेघ मारून ठेवतो, म्हणजे आपण नेमके कुठे उभे आहोत ते त्याला कळते. शिष्याने स्वतः शेकडो मुलांना ती मारायला शिकवले होते.

वस्ताद सांगू लागले. “आरं, जिंकणाऱ्याला फुडचा गोल वढत नेतोय, पाय आपसूक पळत्यात. हरणाऱ्याला काय वढत नेतंय, ते मला ह्या वयापतोर उमगलेलं न्हाई. म्हणून दरसाल गावोगावच्या सामन्यांत मी हरणाऱ्याच्या मागं जाऊन बसतोय. बहुतेक वेळा काय बी दिसत न्हाई. दोन-तीन गोल झालं की पोरं शिटीची वाट बगाय लागत्यात, मग मी उठून येतोय. आज माझ्यानं उठवलं न्हाई. दर गोलाला गर्दीच्या पायांनी ही रेघ पुसायची. ह्यो पोरगा जाळ्यातनं बॉल काढायचा, पोरांच्या हातात द्यायचा, आणि परत रेघ मारायचा. सातवा झाला. लोकं हसत हुती, त्याच्याच पोरांनी माना टाकल्या हुत्या. मी म्हटलं, आता काय मारत न्हाई. त्यानं मारली. जरा वाकडी आली, तर पुसून परत सरळ मारली. माझ्या अंगावर काटा आला रं. एवढी वर्सं मैदानात काढली, पर असं कुणाम्होरं हात जोडावं वाटलं न्हवतं.”

शिष्य रेघेकडे पाहत राहिला. रेघ खरेच सरळ होती. हाच सामना त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांत तेल घालून पाहिला होता, पण ही रेघ मारताना त्या मुलाला एकदाही पाहिले नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठे असे काहीतरी वाटले, ज्याला त्याच्याजवळ शब्द नव्हता. मग त्याला फेटा आठवला आणि तो घाबरला.

“वस्ताद, फेटा तर मी...”

“बांधलेला फेटा मी उतरवत न्हाई,” वस्ताद शांतपणे म्हणाले. “मी नाव तेवढं सांगणार.”

त्यांनी नाव पुकारले. पेठेची पोरे पुढे सरकली. त्यांच्या चेहऱ्यावरचा गुलाल तसाच होता, पण हसू गेले होते. तेव्हा इंद्रजितने दोन्ही हात वर नेले आणि स्वतःच्या डोक्यावरचा फेटा स्वतःच सोडू लागला. वार वार कापड उलगडत त्याच्या हातावर आले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते त्याने लपवले नाही. त्याच्या पेठेतला एक जण गुरकावला, “आरं, हे काय करतोयस?” इंद्रजित म्हणाला, “कुणी उतरवला न्हाई, दादा. माझा मी काढलाय.” पेठेची पोरे बाजूला झाली.

दस्तगीर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या मुलांच्या पिशव्या गोळा करत होता. आपले नाव ऐकून तो दचकला. समोर इंद्रजित फेटा घेऊन येताना दिसला, मागे वस्ताद, मागे शिष्य, त्यांच्यामागे सगळी गर्दी. तो दोन पावले मागे सरकला.

“नगो ओ,” तो म्हणाला. “हरलोय आमी, कबूल हाय. दुपारधरनं हसलासा, ते बी ऐकून घेतलं. आता फेटा बांधून चेष्टा कशाला करतासा? आमाला जाऊ द्या. गाडी निघंल.”

हे ऐकून त्या गर्दीतल्या कितीतरी माना खाली गेल्या. दुपारभर ज्याला हसले, त्याला आता मानाचीसुद्धा भीती वाटत होती. वस्ताद पुढे झाले. त्यांनी इंद्रजितच्या हातातले फेट्याचे टोक घेतले आणि शिष्याच्या हाती दिले.

“वस्ताद, हा तुमचा मान हाय,” शिष्य म्हणाला.

“आज तू बांध.”

शिष्य त्या मुलासमोर गेला. ज्याच्यामुळे आपल्या शाळेची भिंत कोरी राहणार होती, त्याच्याबद्दल आपल्या मनात राग कसा नाही, याचे त्याला नवल वाटत होते. “बाळ, चेष्टा न्हाई,” तो म्हणाला. “राज्याचा मान हाय, आणि तुझाच हाय. मान वर कर.” मग त्याने पहिला पेच घातला. दस्तगीर ताठ उभा राहिला. हलगीवाला कुणाच्या सांगण्याची वाट न पाहता हलगी वाजवू लागला आणि इंद्रजितने वाकून उरलेला गुलाल उचलला.

शेवटचा पेच बसताना दस्तगीरने हळूच विचारले, “सर, त्यो आठवा काढला म्हणून व्हय?”

“न्हाई,” शिष्य म्हणाला. “सातवा झाल्यावर तू परत रेघ मारलीस म्हणून.”

मुलगा गोंधळून त्याच्याकडे पाहू लागला. यात बक्षीस देण्यासारखे काय आहे, ते त्याला खरोखरच कळत नव्हते.

“ती पुसली हुती की ओ, सर,” तो म्हणाला. “पुसली म्हंजे मारायलाच लागती.”

शिष्याचे हात फेट्यावरच थांबले. त्याने वळून वस्तादांकडे पाहिले. वस्तादांनी त्या मुलापुढे हात जोडले होते.