हॅना मागे वळून का बघायची

एकदा एका वृद्ध गुरुजींकडे अमेरिकेहून एक व्यापारी आला. गुरुजी घराण्यांच्या वंशावळी जुळवून देत. व्यापाऱ्याची पणजी हॅना ही अमेरिकन मिशनऱ्याची मुलगी, शतकाहून अधिक काळापूर्वी याच गावच्या मिशन बंगल्यात जन्मली होती. लहानपणीच आईबापांनी तिला जहाजात बसवून मायदेशी धाडले. ती तिथेच वाढली, तिथेच वारली. व्यापाऱ्याला जन्मगावी तिच्या नावाचा दगड बसवायचा होता.

"मोठी गमतीची बाई होती म्हणे," तो हसत म्हणाला. "नावाने हाक मारली की आधी मागे वळून बघायची, मग ओ द्यायची. घरात सगळे तिला बहिरी समजत."

गुरुजींनी शोधाचे काम शिष्येवर सोपवले. ती नुकतीच पदवी घेऊन आलेली, हुशार आणि घाईची. चर्चच्या दप्तरात हॅनाचा जन्म तिला लगेच सापडला. मिशनच्या दफनभूमीत मात्र गवतात बुडालेले दोन छोटे दगड होते. दोन्हींवर नाव हॅना, आणि बापाचे नावही तेच.

"एकाच बापाच्या सगळ्याच मुली हॅना? असं कुठे असतं का, गुरुजी? पाथरवटाने घोळ घातला असणार," असे म्हणत तिने जन्मसाल लिहिलेला कागद पुढे केला. "उद्या कोरायला देऊन टाकू."

गुरुजींनी कागद वाचला. संध्याकाळी ते स्वतः दफनभूमीत जाऊन दोन्ही दगडांवरच्या तारखा वाचून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "शलाका, खिडकी उघड गं."

ती जागीच थिजली. शलाका तिची थोरली बहीण. ही जन्मण्याआधीच तापाने गेलेली. घरात ते नाव कुणी उच्चारत नसे; ते उरले होते फक्त गुरुजींकडच्या वंशावळीत.

"गुरुजी, मी शलाका नाही."

"बरं. शलाका, पाणी आण."

दुपारी व्यापारी आणि पाथरवट आले. त्यांच्यासमोरही गुरुजींनी हाक मारली, "शलाका, तो कागद दे यांना."

"मेलीय ती!" शिष्या ओरडली. "मेलेल्या पोरीचं नाव का चिकटवताय मला?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "आपल्या घरांत गेलेल्या लेकराचं नाव पुन्हा ठेवत नाहीत. म्हणून ते दगड तुला चुकीचे वाटले. त्या लोकांत त्या काळी ठेवत. पहिली हॅना गेली, दुसरीला तेच नाव दिलं. तीही गेली, मग तिसरीला. दुष्टपणाने नव्हे, मायेने. नाव तरी घरात राहावं म्हणून. तू लिहिलेलं साल पहिलीचं आहे, पोरी. ती धड बोलायलाही शिकली नव्हती. तुला अर्धा दिवस सोसवलं नाही. तिसरीने ते जन्मभर सोसलं."

व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू कधीच मावळले होते. "म्हणजे ती बहिरी नव्हती," तो हळूच म्हणाला. "हाक आपल्याला आहे की त्या दोघींना, ते बघायची." मग पाथरवटाकडे वळून तो म्हणाला, "तिघींची नावं कोरा."

शिष्येने कागद फाडला आणि ती पुन्हा दप्तर धुंडाळायला गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर ती आईजवळ बसली. तिने विचारले, "आई, शलाका दिसायला कशी होती गं?"

आईच्या हातातली भाजी तशीच राहिली. मग, इतक्या वर्षांनी, ती सांगू लागली.