शांततेचा नमुना

"पण लॅपटॉपला शांतता कशाला हवी?" त्रिंबकबुवांनी विचारलं.

"ओळखायला, बुवा." हेमांगची नजर लॅपटॉपवरून हलली नाही. "आधी नुसती खोलीची शांतता ऐकवायची. वारा, किड्यांची किरकिर, जे काही असेल ते. तेवढं तो लक्षात ठेवतो. मग गाण्यातून तेच वेचून बाहेर टाकतो."

"आणि उरतं ते?"

"उरतं ते खरं गाणं."

"बरं आहे," बुवा म्हणाले. "आमचा जन्म गेला त्यात."

थंडीचे दिवस. मठ तळ्याच्या काठाला. ऊन उतरलं होतं आणि पाण्यावरचं धुकं पायऱ्या चढून ओसरीवर येत होतं. बुवा तंबोरा छेडत बसले होते. त्या मठात एकदा जुळवलेला तंबोरा गाणं संपेपर्यंत थांबवत नसत. गप्पा चालू असोत की चहा, बोटं चालूच.

हेमांग आज भांडायला आला होता.

येत्या उत्सवात त्याला बुवांच्या आसनावर बसून गायचं होतं. दरवर्षी तो विचारी. दरवर्षी बुवा म्हणत, "अजून नाही." का नाही, ते सांगत नसत. गुरूने नुसती मान हलवायची आणि शिष्याने उमेदवारी करता करता म्हातारं व्हायचं, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त होता. म्हणून या खेपेला त्याने पंच सोबत आणला होता.

"यंत्र कुणाच्या घराण्यातलं नसतं," तो म्हणाला. "दोघांनी नुसता सा लावायचा. मग ऐकू. मी कुठे कमी पडतो ते दाखवा. नाही दाखवता आलं, तर उत्सवात मी बसणार."

"कबूल."

हेमांगने माइक जोडला. लॅपटॉप अजून स्वतःच्याच पोटातला बारका माइक धरून बसला होता. सेटिंगमध्ये जाऊन त्याने तो बदलला. बुवांना 'आ' म्हणायला लावून आवाजाची पातळी खाली-वर केली. पडद्यावरची पट्टी लाल होऊ दिली नाही.

"जोर लावू नका, बुवा. आवाज फाटेल."

"आता फाटायला काय राहिलंय."

"बरं, आता कुणी बोलायचं नाही. शांतता घेतोय."

कुणी बोललं नाही. बुवांची बोटं तारांवरून फिरत राहिली. हेमांगने डोळे मिटले. ओसरी पाण्यावर सुटल्यासारखी वाटत होती…

"घेतली," तो म्हणाला.

आधी त्याने सा लावला. मोठा, गोल, घोटून घोटून तयार केलेला. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

मग बुवांनी लावला. कधी लावला, ते सांगणं कठीण. तंबोऱ्यात जरा उजेड वाढल्यासारखं झालं, एवढंच.

हेमांगने कळ दाबली. यंत्राने दोघांच्या गाण्यातून शांतता वेचून टाकली.

आधी त्याचा स्वतःचा आवाज आला. एकटाच. भरघोस, आणि उघडा.

हेमांग दचकला. "तंबोरा कुठे गेला?"

"तू शांतता घेतलीस तेव्हा वाजत होता," बुवा म्हणाले.

"मला ऐकूच आला नाही."

"रोजचा आहे. नाही येत ऐकू."

हेमांग ओशाळला. यंत्राला शांतता म्हणून त्याने तंबोराच दिला होता. यंत्राने तो इमानाने काढून टाकला होता.

"असू दे," तो सावरून म्हणाला. "तंबोरा गेला तर गेला. गळा तर आलाय. आता तुमचा ऐकू."

श्वास घेतल्याचा आवाज आला.

मग काही नाही.

बऱ्याच वेळाने पुन्हा एक श्वास. पुन्हा काही नाही.

हेमांगने वायर हलवून पाहिली. मूळचं रेकॉर्डिंग उघडलं. त्यात बुवा होते, अखंड. त्याने पुन्हा शांतता काढली.

श्वास… आणि नुसतं धुकं.

"यात तुम्ही नाही," तो म्हणाला. "तंबोऱ्याबरोबर तुम्हालाही काढलंय. यंत्राला तुमच्यात आणि तंबोऱ्यात फरकच सापडला नाही."

बुवा तंबोरा छेडत होते.

"माझं मात्र सगळं राहिलंय. काही म्हणजे काहीच पुसलं गेलं…"

हे वाक्य त्याने जिंकलेल्या माणसासारखं सुरू केलं होतं. ते पुरं झालं नाही.

धुकं आता लॅपटॉपच्या उजेडात शिरलं होतं. कुठलं पाणी आणि कुठली ओसरी, ते कळेनासं झालं होतं.

"बुवा, उत्सवाचं…"

बुवांनी तंबोरा त्याच्या मांडीशी टेकवला. त्यांची बोटं उचलली जायच्या आत हेमांगची तारांवर आली होती. नाद तुटला नाही. बुवा उठले, भिंतीला हात लावत पायऱ्यांकडे गेले आणि दिसेनासे झाले.

"ते चालू राहू दे," तळ्याच्या बाजूने त्यांचा आवाज आला. "पुसला गेलास, की मला हाक मार."